लाल फेसाचा ज्वालामुखी

सुट्टी जवळ आली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारच्या जाहिराती सुरू होतात. एक हापूसच्या पेट्यांच्या आणि दुसऱ्या 'फन सायन्स'च्या. आंब्याच्या बाबतीत आपण निदान पेटी उघडून वास तरी घेतो, खालच्या थरात कच्चे लपवलेत का ते चाचपून बघतो. विज्ञानाच्या बाबतीत मात्र पांढरा डगला, विस्कटलेले केस आणि हातात धूर ओकणारं चंचुपात्र असं चित्र दिसलं, की आपण निमूटपणे पैसे पाठवून मोकळे होतो. पोरं तासभर कुठेतरी गुंतली, शिवाय 'एज्युकेशनल' काहीतरी झालं. दोन्ही हातांत लाडू!

तर मंडळी, आज मला या लाडवांविषयी बोलायचंय. माझं म्हणणं सरळ आहे. या बहुतेक कार्यक्रमांत मजा असते, पण विज्ञान नसतं. एवढंच असतं तर मी काही बोलले नसते, मजेसाठी मजा करायला माझी ना नाही. पण ती मजा विज्ञानाच्या नावाखाली विकली जाते तेव्हा मुलं एक भलतीच गोष्ट शिकून घरी येतात. विज्ञान म्हणजे दुसऱ्या कोणीतरी करून दाखवायचं, आपण लांबून बघायचं आणि शेवटी टाळ्या वाजवायच्या, ही ती गोष्ट.

उदाहरण घरातलंच देते. (वहिनी, हे तू वाचशीलच, तर रागावू नकोस. केक झकास होता! :) ) भाच्याच्या आठव्या वाढदिवसाला क्लबहाऊसमध्ये असाच एक 'सायन्स शो' होता. डगला घातलेल्या एका उत्साही मुलानं टबात कोरडा बर्फ टाकला, वर गरम पाणी ओतलं. पांढरे लोट उठले आणि टबाच्या काठावरून घरंगळत जमिनीवर पसरले. पोरं किंचाळली. पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीनं विचारलं, "दादा, हा धूर खाली का जातो? धूर तर वर जातो ना?"

अहो, काय प्रश्न आहे! त्या अख्ख्या तासातला विज्ञानाचा एकमेव क्षण तो होता. आणि उत्तर काय मिळालं? "कारण ही आहे सायन्सची जादू! जोरदार टाळ्या!!"

झालं. टाळ्या पडल्या, प्रश्न बुडाला. मुलगी खाली बसली.

तिला काय सांगता आलं असतं बघा. मुळात तो धूरच नाही. उणे 78 अंशांच्या त्या गोळ्यामुळे हवेतली वाफ गोठून बारीक थेंब होतात, ते पांढरे दिसतात. थंडीत महाबळेश्वरला तोंडातून जो 'धूर' निघतो तोच हा. आणि तो खाली का जातो, तर टबातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, त्यात तो गारठलेला, त्यामुळे आणखी जड. खरं तर सांगायचीसुद्धा गरज नव्हती. केकवरच्या मेणबत्त्या समोरच होत्या. एक पेटवून टबाच्या तळाशी नेली असती तर ती विझली असती, आणि वर धरलेली जळत राहिली असती. मग त्या मुलीला विचारायचं, "आता तूच सांग, टबात काय साठलंय?" पाच मिनिटांचं काम. पण त्या पाच मिनिटांत टाळ्या पडत नाहीत ना!

शोचा शेवट अर्थातच ज्वालामुखीनं. तो नसेल तर पैसे परत मागत असतील लोक. मातीचा शंकू, त्याच्या तोंडात खायचा सोडा, त्यावर लाल रंग घातलेलं व्हिनेगर, आणि फस्सकन उतू जाणारा फेस. "लाव्हा! लाव्हा!!"

आता या लाव्ह्यात बोट घालून बघा. गार लागेल. खरंच, घरी करून बघा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की ते आजूबाजूची उष्णता शोषून घेतात, मिश्रण आधीपेक्षा थंड होतं. अकराशे अंशांच्या रसाचं नाटक चाललंय आणि पात्रच गारठलेलं! यातलं काहीच कुणी त्या मुलांना सांगितलं नाही, बोटही घालू दिलं नाही.

पण मला खरा राग यायचं कारण वेगळं आहे. हा शो चालला होता कुठे? महाराष्ट्रात. ज्या क्लबहाऊसमध्ये तो खोटा लाव्हा उतू जात होता, त्याच्या काँक्रीटमधली खडी हा खरा लाव्हा आहे! आपल्याकडची काळी खडी म्हणजे बेसॉल्ट, म्हणजे साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीतून बाहेर पडून गोठलेला रस. आपला सह्याद्री, रायगड, सिंहगड, अजिंठा-वेरूळची लेणी, आजीचा पाटा-वरवंटा, सगळं त्याच दगडातलं. आजसुद्धा जवळजवळ 5 लाख चौरस किलोमीटरांवर हा दगड पसरलेला आहे, आणि सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी दोन किलोमीटरांपर्यंत जाते.

आणि गंमत म्हणजे आपला हा ज्वालामुखी त्या मातीच्या शंकूसारखा नव्हताच. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि रस पातळ डोशाच्या पिठासारखा पसरत गेला. एक थर गोठला, काही काळानं त्यावर दुसरा. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, माथे सपाट असतात. भूगोलात 'दख्खनचा ट्रॅप' शिकलो होतो ना, त्यातला 'ट्रॅप' म्हणजे इंग्रजीतला सापळा नाही. पायरी अशा अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून तो आलाय. कसारा किंवा खंडाळ्याच्या घाटातून गाडी जाताना खिडकीतून मुलाला विचारा, "समोरच्या डोंगरावर किती पट्टे दिसतात?" पावसाळ्यात तर धबधबे कुठे सरळ कोसळतात आणि कुठे टप्पा घेऊन सांडतात, यावरूनसुद्धा थर कळतात. टणक थराचा उभा कडा होतो, ठिसूळ थर झिजून त्याचा उतार होतो. ट्रेकला गेलात तर एखादा भोकं भोकं असलेला दगड उचला. ती भोकं म्हणजे लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे. काही भोकांत पांढरे चमकणारे स्फटिक भरलेले असतात, तेही दाखवा.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बुडबुडा पोराच्या तळहातावर ठेवता येतो, तोही फुकट. आणि आपण त्याला लाल रंगाचा फेस दाखवायला पैसे मोजतो. याला काय म्हणायचं?

इथे एक ठरलेला आक्षेप येतो. तो उचलून धरणारी माणसं माझ्या घरातच आहेत म्हणून नीट उत्तर देते. "अगं, पण निदान आवड तर निर्माण होते ना! आधी गोडी लागू दे, खोलात नंतर जातील."

ऐकायला छान आहे. पण गोडी कशाची लागते ते बघायला नको? दिवाळीत फटाके आवडणाऱ्या प्रत्येक पोराला रसायनशास्त्राची गोडी लागली असती तर आत्तापर्यंत गल्लोगल्ली संशोधक झाले असते. फेस बघितलेलं मूल काय म्हणतं? "पुन्हा कर!" आणि दुसऱ्यांदा केलं की "आणखी मोठा कर!" संपलं. त्या आवडीला पुढे जायला वाटच नाही. याउलट अंगणात काठी रोवून तिच्या सावलीच्या टोकाला खडूची खूण करणारं मूल दहा मिनिटांनी येऊन म्हणतं, "अरेच्चा, सरकली! आता किती वेळानं कुठे असेल?" या प्रश्नाला पुढची पायरी आहे, आणि तिच्यापुढे आणखी एक. पहिल्या मुलाला तो डगलेवाला दादा परत यायला हवा असतो. दुसऱ्याला कोणीच नको असतं, फक्त ऊन पडायला हवं.

आणि माझं सोड्याशी किंवा व्हिनेगरशी काही वैर नाही, बरं का. तेच सामान घ्या. बाटलीत व्हिनेगर घाला, फुग्यात चमचाभर सोडा भरून तो बाटलीच्या तोंडावर बसवा आणि सोडा आत सोडा. फुगा फुगेल. आता मुलाला विचारा, दोन चमचे घातले तर दुप्पट फुगेल का? तीन घातले तर? काही वेळानं त्याच्या लक्षात येतं की एका मर्यादेनंतर कितीही सोडा ओता, फुगा तेवढाच राहतो. का बरं? मग स्वारी व्हिनेगर वाढवून बघते... हे विज्ञान! सामान तेच, खर्च तोच. फरक एवढाच की इथे मुलाला आधी अंदाज करावा लागला आणि तो चुकू शकत होता. ज्या खेळात मुलाचा अंदाज चुकण्याची सोय नाही, त्याला मी विज्ञानाचा खेळ म्हणणार नाही.

जरा टोकाचं वाटेल, पण पुढचं बोलायलाच हवं. आपल्या महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं गावोगावी चमत्कारांचे प्रयोग करत आलेत. लिंबातून रक्त काढायचं, मंत्र म्हणून होम पेटवायचा, जिभेवर कापूर जाळायचा. लोक थक्क होतात. आणि लोक थक्क झाले की कार्यकर्ता थांबतो आणि सांगतो की बघा, यात मंत्र नव्हता, पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडलं की आपोआप पेट घेतं, मी तूप म्हणून तेच ओतलं. म्हणजे ही मंडळी जादूपासून सुरुवात करतात आणि कारणापाशी येऊन थांबतात. आमच्या क्लबहाऊसातला दादा नेमका उलटा चालला होता. त्याच्याकडे कारण होतं, आणि त्याची त्यानं जादू केली!

ज्या राज्यात 2013 साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांची भररस्त्यात हत्या झाली, तिथे हा फरक मला किरकोळ वाटत नाही. पांढऱ्या डगल्यातल्या माणसानं न समजणारं काहीतरी केलं की टाळ्या वाजवायच्या, ही सवय आपण आठव्या वर्षी लावतोय. तेच पोर अठ्ठाविसाव्या वर्षी दुसऱ्या रंगाच्या डगल्यासमोर हात जोडून बसलं, किंवा 'शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध' असं छापलेली कुठलीही पुडी विकत घेऊ लागलं, तर आपण कुठल्या तोंडानं बोलणार? "खाली का जातो?" हे विचारायची धमक त्याच्यात होती. ती आपणच टाळ्यांत बुडवली.

असो. आता दुसऱ्या टोकाच्या लोकांकडे वळते, नाहीतर ते म्हणतील आपण सुटलो. :) हे लोक म्हणजे 'मजा-बिजा काही नाही, अभ्यास' पंथाचे. यांची सहल म्हणजे वहीची सहल. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र घ्या. 1985 पासून मुंबईत आहे, तिकीट मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नपेक्षा स्वस्त. तिथली कितीतरी उपकरणं हातानं फिरवायची, ओढायची, दाबायची अशी आहेत. या कल्पनेला जगभर बळ मिळालं ते 1969 साली फ्रँक ओपेनहायमरनं सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्स्प्लोरेटोरियम' उघडलं तेव्हापासून. (अणुबॉम्बवाल्या रॉबर्टचा हा धाकटा भाऊ. स्वतः पदार्थविज्ञानाचा माणूस, काही वर्षं शाळेतही शिकवलेला.) प्रदर्शन काचेआड ठेवायचं नाही, हाताळू द्यायचं, हाच त्यामागचा विचार.

आणि आपण तिथे काय करतो? एका शाळेची सहल मी तिथे पाहिलीय. दोन-दोनच्या रांगा, बाईंच्या हातात शिट्टी आणि दर दोन मिनिटांनी "हात लावू नका!" हात लावण्यासाठी बांधलेल्या जागेत! बरोबर आलेल्या पालकांचं वेगळंच. "हे वाच. ते लिहून घे. प्रोजेक्टला उपयोगी पडेल." मूल बिचारं पाटीवरचा मजकूर उतरवतंय, आणि शेजारचा लंबक त्याच्याकडे बघत हलतोय.

माझ्या मते अशा ठिकाणी जायचा एकच नियम असावा. अख्ख्या सकाळी फक्त तीन गोष्टी बघायच्या, आणि त्या कोणत्या हे मुलानं ठरवायचं. एका ठिकाणी ते चाळीस मिनिटं अडकलं तर अडकू द्या. आपण घड्याळ बघायचं नाही, पाटी वाचून दाखवायची नाही. तीनशे उपकरणं 'कव्हर' करून आलेल्या मुलाला विचारा काय आवडलं, ते कँटीनचा वडा सांगेल. आणि बरोबरच आहे त्याचं. दोन तासांत त्याला हात लावू दिलेली तेवढीच गोष्ट होती.

"मग काय करायचं ते सांग ना, नुसती टीका काय करतेस," असं आमचे बाबा म्हणतील. सांगते.

स्वयंपाकघरापासून सुरू करा. हळदीचा डाग पडलेला कपडा साबणानं धुतला की डाग लालभडक होतो, हे प्रत्येक मराठी घरात माहीत आहे, पण मुलांना आपण तो खेळ म्हणून कधी देत नाही. हळदीच्या पाण्यात कागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवा आणि पोरांच्या हवाली करा. साबणाचं पाणी लावलं, लाल. पानाचा चुना लावला, लाल. वर लिंबू पिळलं, पुन्हा पिवळी! आता ताक काय करेल? पापडखार? आधी अंदाज लिहायचा, मग लावायचं. दुपार कुठे गेली कळणार नाही. जाता जाता सांगा की पूर्वी कुंकू हळदीपासूनच करायचे, ते याच युक्तीनं. आजीकडून त्याची आणखी माहिती मिळाली तर सोन्याहून पिवळं. (की लाल?)

मुंबई-कोकणवाल्यांना समुद्र आहे. आपले कोळी आणि कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची, की तेवढ्या वाजता भरती. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारला भरती. त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. भिंतीवरचं कालनिर्णय उतरवा, पोराला गणित करू द्या आणि चौपाटीवर जाऊन आठवडाभर पडताळून बघा किती बरोबर येतं. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, आणि का जुळत नाही हाही एक प्रश्नच. रोज वेळ पुढे का सरकते? कारण चंद्रही रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी चांगली लांबवर जाते, तेव्हा खडकाळ किनाऱ्यावर डबक्यांत काय काय सापडतं! शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे, फुलासारखी दिसणारी समुद्रफुलं. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट 2017 पासून लोकांना असा किनारा दाखवत आलाय. गिरगाव आणि जुहूसारख्या, आपण भेळ खायला जातो त्या किनाऱ्यांवर! बघायचं, उचलून घरी आणायचं नाही, आणि पाणी वाढायला लागलं की निघायचं, एवढे दोन नियम पाळा.

पुणे-नाशिकवाल्यांना खोडद आहे. नारायणगावजवळच्या या गावाच्या परिसरात जीएमआरटी, म्हणजे रेडिओ लहरींची प्रचंड मोठी दुर्बीण आहे. एकेक 45 मीटर व्यासाच्या 30 थाळ्या, जवळजवळ 25 किलोमीटरांच्या टापूत पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली. दर वर्षी 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला तिथे लोकांसाठी दारं उघडतात आणि आसपासच्या शाळांतली मुलं आपापले प्रयोग मांडतात. (तारखा आधी बघून घ्या.) तिथे गेलात की मुलाला एकच प्रश्न द्या. ही थाळी पत्र्याची का नाही, नुसती तारांची जाळी का? परतीच्या वाटेवर डोकं खाजवू दे. रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा बरीच मोठी असते, त्यामुळे त्यांच्या दृष्टीनं ती जाळी म्हणजे सलग आरसाच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून थाळी हलकी ठेवता आली, आणि स्वस्तही. आणि आत मोबाइल का बंद करायला लावतात? याचं उत्तर मूल स्वतःच देईल, मला खात्री आहे.

आता नेहमीचा शेवटचा आक्षेप. "आम्हाला वेळ नाही, आणि आम्हाला सायन्स येत नाही."

वेळेचं मला कळतं. दोघं नोकरीला, लोकलचे धक्के, रविवारी कपड्यांचा ढीग. पण वर सांगितलेल्यातलं हळदीचं आणि सावलीचं काम तुमच्या वेळेत होतच नाही, ते मुलांच्या वेळेत होतं. तुम्ही फक्त पसाऱ्यावर ओरडायचं नाही. आणि सायन्स येत नाही म्हणाल, तर "मला माहीत नाही, बघूया" हे वाक्य म्हणायला बारावीचे मार्क लागत नाहीत. उलट ज्या घरात मोठ्यांना सगळंच माहीत असतं, त्या घरात मुलं विचारायची थांबतात असं माझं निरीक्षण आहे. (आमच्या घराण्यात अशा सर्वज्ञांची कमतरता नाही. नावं घेत नाही!)

आणि पैशाचं म्हणाल, तर आपल्याकडे त्याचं उत्तर फार पूर्वीच देऊन झालंय. मध्य प्रदेशात 1972 साली 16 सरकारी शाळांमध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. खेड्यातली मुलं, हाताशी सापडेल ते सामान आणि घोकंपट्टीऐवजी स्वतः प्रयोग. 2002 साली सरकारी निर्णयानं तो बंद होईपर्यंत तीस वर्षं चालला. कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर झालेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये तिथे गेले आणि काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीचे आकार जोडायला लागले. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी केली. या शोधिकेला पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानची देणगी आहे आणि इमारतीचं नाव 'पुलस्त्य', हे वाचून पुलंवाल्या मंडळींना बरं वाटेल. गुप्तांना 2018 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर शेकडो खेळण्यांच्या फिल्म आणि पुस्तकं आहेत, मराठीतसुद्धा, आणि सगळं फुकट. मग आपण किट कसले विकत घेतोय? सेल संपला की माळ्यावर जाणारे!

मला यातलं सर्वांत जास्त हे बोचतं. काड्या आणि रबरी नळीवर जे विज्ञान खेड्यातल्या मुलाच्या हातात पोचलं होतं, त्याला आपण पुन्हा बंद डब्यात घालून किंमत लावली. ज्याला परवडतं त्याला फेस मिळतो, ज्याला परवडत नाही त्याला वाटतं आपल्याकडे 'लॅब' नाही म्हणून आपल्याला विज्ञान नाही. दोघंही फसले.

तर आता कृती. घराण्यातल्या समस्त पोरांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी दोन कामं.

पहिलं मे महिन्यातलं. अख्खा महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली गायब होते. गोवेकरांची पाळी मेच्या अगदी सुरुवातीला, कोल्हापूरकरांची पहिल्या आठवड्यात, पुण्याची 13-14 मेला, मुंबईची 15-16 ला आणि नागपूरची शेवटच्या आठवड्यात. दुसरी वेळ मुंबई-पुण्याला जुलैच्या अखेरीस येते, पण तेव्हा ढग पैसे वसूल करू देत नाहीत. घड्याळात बाराला बघू नका. मुंबई-पुण्याला ही वेळ साडेबाराच्या थोडी पुढे येते. बारा वाजता का नाही, हे पोरांना शोधू दे.

दुसरं नाताळच्या सुट्टीतलं, आणि हे दोन घरांनी मिळून करायचंय. नाशिक आणि कोल्हापूर जवळजवळ एका उभ्या रेषेत आहेत, सरळ दक्षिणोत्तर अंतर साधारण 365 किलोमीटर. एकाच दिवशी दोन्हीकडे बरोबर एक मीटरची काठी उभी करायची आणि दुपारची सर्वांत आखूड सावली मोजायची. नाशकातली सावली दहा सेंटिमीटरच्या आसपास जास्त भरेल. कागदावर काठी आणि सावलीचा त्रिकोण काढून कोनमापकानं दोन्हीकडचे कोन मोजा. फरक सव्वातीन अंशांच्या जवळपास यायला हवा. मग पोरांना साधं त्रैराशिक घालायचं, सव्वातीन अंशांना 365 किलोमीटर, तर 360 अंशांना किती? चाळीस हजारांच्या आसपास उत्तर आलं तर ते पृथ्वीच्या घेराचं माप आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एरॅटोस्थेनिसनं याच युक्तीनं काढलं होतं. उत्तर पस्तीस हजार आलं तरी खोडायचं नाही, काय चुकलं ते दोन घरांनी फोनवर भांडून शोधायचं.

नाशिकचा दादा तयार आहे. कोल्हापूरच्या आत्या, गच्ची तुमची. काठी तिरकी राहिली की सगळं गणित बोंबलतं, तेव्हा ती ओळंब्यानं तपासा. ओळंबा नसला तर दोऱ्याला कपाटाची किल्ली बांधली तरी चालेल.